कीड आत ठेवणारी डॉक्टर

माझी वहिनी दातांची डॉक्टर. टायरच्या दुकानावर दोन खोल्यांचा दवाखाना. ती आत, मी बाहेरच्या टेबलाशी. जीभ फटकळ, पण हात असा हलका की पेशंट विचारायचे, "टोचलीत का सुई?"

मोठ्या इस्पितळांतल्या संशोधनावर तिचा भरवसा नव्हता. "तिथं पेशंट निवडून घेतात. माझ्याकडे येतात ते वर्षभर लवंग चावून झाल्यावर!" म्हणून साध्या दवाखान्यांनी मिळून एक अभ्यास काढला तेव्हा ती हौसेनं त्यात शिरली. दात खोल किडला, तर कीड पार दाताच्या नसेपर्यंत कोरायची, की नसेजवळची थोडी तशीच ठेवून वरून दात घट्ट बंद करायचा? कुणाला काय, ते चिठ्ठी निघेल तसं. पण आधी पेशंटला सगळं समजावून, त्याच्या होकारानं.

एक शाळेतल्या बाई तयार झाल्या. त्यांच्या चिठ्ठीत कीड ठेवायची असं निघालं. पुढं त्यांचा गाल सुजला आणि घरी त्या सहज बोलून गेल्या, "डॉक्टरांनी थोडी कीड आतच ठेवलीय."

त्यांचा भाऊ वेल्डर. तो सळई घेऊनच आमचा जिना चढला.

"माझ्या बहिणीवर प्रयोग करते काय?"

मी आडवी गेले, तर त्यानं मला भिंतीवर आपटलं. काचेचं कपाट फुटलं. खुर्चीवरचा दिवा तुटून वायरीला लोंबायला लागला. वहिनी म्हणाली, "आधी त्यांना घेऊन या, मी बघते—" तेवढ्यात सळई आली. तोंड वाचवायला तिनं उजवा हात वर केला. मनगट मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

मग तिनं डाव्या हातानं दात उपटायची पक्कड उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. त्याचे पुढचे दोन दात फरशीवर पडले. तो गुडघ्यांवर बसला. तिनं पुन्हा हाणली, आणि पुन्हा. टायरवाल्यानं आणि मी मिळून तिला ओढलं, तेव्हा ती ओरडत होती, "सोडा मला!"

बाई धापा टाकत वर आल्या. भावाचं रक्तानं माखलेलं तोंड बघून त्यांनी आधी त्यालाच एक थोबाडीत दिली. "अरे गाढवा, यांनी भरला तो उजवा दात! सुजलाय डावा गाल!" सूज अक्कलदाढेची होती.

वेल्डर तुरुंगात गेला. वहिनीच्या मनगटात धातूची पट्टी बसवली, पण बारीक कोरकाम हातून सुटलं ते कायमचं. अभ्यासातले निम्मे पेशंट पळाले. मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का गं, त्याला मारल्याचं?"

"पहिल्या फटक्याचं नाही," ती म्हणाली. "पुढचे मारताना बरं वाटत होतं, त्याची भीती वाटते."

आता कोरायला दुसरी डॉक्टर ठेवलीय. वहिनी फक्त तपासते. बाई दर वर्षी येतात. परवा त्यांचा तो भरलेला दात ठोकून, गार बोळा लावून, फोटो काढून झाला. नस जिवंत निघाली.

"म्हणजे कीड ठेवली तेच बरोबर होतं!" बाई म्हणाल्या.

"एका दातावरून काय ठरतंय, बाई? पुढच्या वर्षी या," वहिनी म्हणाली, आणि डाव्या हातानं सावकाश त्यांचा दात अभ्यासाच्या वहीत लिहून घेतला.