आमची कंपनी फुकट आहे

चेन्नईत पेरुंगुडीच्या एका छोट्या होस्टिंग कंपनीत मी होते, म्हणजे वेबसाइटांना जागा भाड्याने देणाऱ्या. दोन हजारच्या दशकात असल्या कंपन्या पैशाला पासरी झाल्या होत्या, आणि गिऱ्हाइकाने आमच्याकडेच का यावं हे ठरवायचं काम माझं. मी एक ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारं, सॉफ्टवेअर शोधून काढलं. वेबसाइटवरचा मजकूर ज्याचा त्याला बदलता येईल, इंजिनियरच्या पाया पडायला नको. माझं म्हणणं सरळ होतं: सॉफ्टवेअर फुकट आहे, पैसे जागेचे आणि देखभालीचे, आणि आम्ही नकोसे झालो तर आपली साइट उचलून खुशाल दुसरीकडे न्या, असं छातीठोकपणे सांगून विकायचं.

साहेबांनी नाक मुरडलं. "फुकट म्हटलं की लोक किंमत देत नाहीत. आपणच बनवलंय म्हणून सांग." मी साफ नाही म्हटलं. मग त्यांनी स्वतःच बसून, त्या सॉफ्टवेअरचं मूळ नाव जिथे जिथे होतं तिथे एका झटक्यात आमच्या कंपनीचं नाव घालून टाकलं. दुसऱ्यांच्या मेहनतीवर आपला शिक्का! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पहिलं गिऱ्हाईक मैलापूरची एक संगीत सभा, म्हणजे मैफली भरवणारी संस्था. तिचे सेक्रेटरी तंजावरकडचे मराठी. तिकडच्या रीतीने मी त्यांना मामा म्हणू लागले. त्यांची जुनी साइट बनवणारा गायब झाला होता, आणि मार्गळी महिन्यातल्या, म्हणजे डिसेंबरातल्या, मैफली तोंडावर आल्या तरी पानावर गेल्या वर्षीचेच गायक. साहेबांनी इंग्रजीत भाषण ठोकलं: आमच्या मुलांनी खपून खपून बनवलंय. मामांनी चष्मा सारखा केला आणि नेमकं मदतीचं पान उघडलं.

"अगं, इथे लिहिलंय," ते मला मराठीत म्हणाले, "तुमची कंपनी जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलीय, ती फुकट आहे आणि कुणीही तिच्यात हवा तो बदल करावा. खरं काय?"

साहेबांना मराठी येत नव्हती, पण पडद्यावरचं इंग्रजी वाचता येत होतं ना! चेहरा पांढराफटक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सांभाळ म्हणून. मी कशाला सांभाळू? सगळं खरं सांगितलं, तेही मुद्दाम इंग्रजीत. सॉफ्टवेअर आमचं नाही. आम्ही नीट वागलो नाही तर उचला आणि दुसरीकडे न्या.

रिक्षात बसल्याबरोबर साहेब कडाडले, "गिऱ्हाइकाला पळायची वाट दाखवतेस?"

"दाखवते. कोंडून ठेवायला गिऱ्हाइकं काय कोंबड्या आहेत?"

सभेने करार केला, पण साइट उचलून नेता येईल ही अट लेखी मागून. एवढ्यापुरतं ठीक, इतरांना कळू द्यायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. मी ते वाक्य आमच्या साइटवर, दरांच्याच पानावर, ठळक अक्षरांत टाकलं.

"काढ ते."

"नाही काढत."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

नाही तर नाही! वेस्ट मांबलमच्या खोलीवर पोचेपर्यंत मात्र रागाने रडू येत होतं. हातात दुसरी नोकरी नव्हती. मामांना कळवणं भाग होतं, म्हणून फोन केला.

"मामा, मी आता तिथे नाही. साइट नीट चालू आहे, काळजी करू नका."

मामांनी विचारलं, "सगळं उचलून नेता येतं म्हणालीस, ते खरं ना?"

"खरं."

"मग तू कुठे जातेस ते कळव. तिथे नेऊ."