गुणमालावहिनींचा पाण्याचा नियम

गुणमालावहिनी सांगलीजवळच्या आमच्या गावात माझ्या शेजारी राहतात. त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, कोण जाणे. पण रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर जे चालतं ते पाहून हसू येतं, म्हणून लिहितो.

त्यांची नात साक्षी सहा वर्षांची. जन्मली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला झटके येऊ लागले. झटक्यांची नेहमीची औषधं देऊन झाली, उपयोग होईना. शेवटी डॉक्टरांनी बी-सिक्स हे व्हिटॅमिन शिरेतून दिलं आणि पोर थोड्याच वेळात शांत झाली. तिच्या शरीराला ते अन्नातून पुरत नाही, गोळी जन्मभर लागणार, असं त्यांनी सांगितलं. मेंदूवर थोडा परिणाम राहिलाच. चालायला उशीर झाला, बोलायला त्याहून उशीर. चौथं सरेपर्यंत तिला 'आजी' म्हणता येत नव्हतं.

गोळी झोपताना द्यायची असे. गेल्या वर्षी मुलगा-सून आठवडाभर पुण्याला गेले. वहिनी जैन, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाहीत. मग नातीला तरी कशा देणार? "ताकदीचीच गोळी की, पोरगी तर गुटगुटीत हाय," म्हणत त्यांनी पाच दिवस दिलीच नाही. सहाव्या दिवशी दुपारी साक्षीला झटका आला. मीच रिक्षा आणली. दोन दिवसांनी ती बरी होऊन घरी आली. डॉक्टरांनी गोळीची वेळ सकाळची करून दिली. वहिनींनी मंदिरात जाऊन देवापुढे नियम घेतला, की साक्षीनं गोळी घेतल्याशिवाय आपण पाणी प्यायचं नाही.

हे साक्षीला कळलं. कालचंच सांगतो.

"आ कर बगू," वहिनी म्हणाल्या.

"आधी झोका."

"आदी गोळी. माजा घसा वाळलाय गं."

"पाच झोके."

"आवं भाऊजी, सांगा की हिला काय तरी."

मी म्हणालो, "दोनावर मिटवा."

"तुमी गप," साक्षी मला म्हणाली.

वहिनी झोपाळ्याला झोके देऊ लागल्या. साक्षी मोजत होती. तीननंतर ती एकदम पाच म्हणाली. वहिनींचा एक झोका वाचला होता. पण त्यांनी झोपाळा धरून ठेवला.

"चार कुटं गेलं?"

साक्षी विचारात पडली. वहिनींनी पुन्हा एकापासून सुरुवात केली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा चार जागेवर आलं, गोळी पोटात गेली आणि वहिनींनी तांब्या तोंडाला लावला.