जिभेच्या मुळाशी आठ गाठी

"जिभेच्या मुळाशी गाठी आहेत. कॅन्सर असू शकतो," टॉर्च विझवत डॉक्टर म्हणाले. नवीन पनवेलमधल्या त्यांच्या दवाखान्यात मी घसा खवखवतो म्हणून गेले होते. त्यांनी पाहिलं जेमतेम अर्धा मिनिट.

घरी आरशासमोर जीभ ओढून बघितली. मागे खरंच आठ लालसर गाठी होत्या, उलट्या व्हीसारख्या ओळीत. मी घरात सगळ्यांना सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "पोरांना तुझ्या ताटातला घास नाय द्यायचा. आमी भरवू." माझा नवरा न्हावा शेवाच्या बंदरात अधिकारी, पदवीधर. तो खाली मान घालून जेवत राहिला.

डॉक्टरांच्या ओळखीच्या सर्जनने बायॉप्सी केली, म्हणजे तपासणीसाठी एका गाठीचा तुकडा कापला. सहा दिवस मी पेजेवर काढले. मुलं जवळ आली की सासूबाई त्यांना हाक मारून बाजूला घेत.

सातव्या दिवशी पॅथॉलॉजिस्टने, म्हणजे असे तुकडे तपासणाऱ्या डॉक्टर बाईंनी, मला आत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. गुलाबी उंचवटा दिसला. भोवती खंदक. खंदकाच्या भिंतीत लसणाच्या पाकळ्यांसारख्या फिकट कळ्या, टोकाला बारीकसं छिद्र.

"हे टेस्ट बड्स. चव कळते ती यांच्यामुळे. आणि ही गाठ नाही, सर्कमव्हॅलेट पॅपिला, जिभेवरचा साधा उंचवटा. सगळ्यांना असतात." एवढं बोलून बाईंनी टेबलावरच्या दिव्याखाली स्वतःची जीभ बाहेर काढली. तशीच ओळ!

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर जीभ काढते, मागे ठिपक्यांची ओळही देते. इतकी वर्षं ठिपके देणारी मी त्या डॉक्टरपेक्षा फार शहाणी नव्हते.

पनवेलच्या त्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. "निगेटिव्ह? मग पेढे हवेत!" ते हसले. मी म्हटलं, "तुम्ही जरा तोंड उघडा." त्यांनी बेल दाबून पुढचा पेशंट बोलावला.

तुम्हाला कुणी असं घाबरवलं, तर कापून घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, आणि घरातल्या चार जिभा बघा. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी स्वतःचं तोंड उघडून दाखवलं.

घरी आल्यावर टॉर्च घेऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, आ करा." मोजल्या. "नऊ आहेत."

"मला पन हाय काय गं?" त्या मटकन खाली बसल्या.

मी टॉर्च ठेवला, मुलांना जवळ बसवून माझ्या ताटातलं भरवलं, आणि मग सासूबाईंना सांगितलं, "या सगळ्यांनाच असतात."