समोरासमोरची दारं

ती घटना आठवली की आजही कुठल्याही खोलीत शिरल्यावर माझी नजर आधी दाराकडे जाते. नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. हे प्रकरण तर माझ्या हद्दीत घडलंही नव्हतं. घडलं युरोपात, एका नदीवर, भर दुपारी. कागद मात्र लातूरला माझ्या टेबलावर आले. नावं कुणाचीच घेत नाही. लिहिण्याची फारशी सवय नाही, तरी जमेल तसं सांगतो.

मृत गृहस्थ लातूरच्या शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत, मीही तसंच लिहितो. कॉलेजच्या काळातल्या दोन मित्रांबरोबर ते सहलीला गेले होते. एक नांदेडचे डॉक्टर, दुसरे धर्माबादचे आडत व्यापारी. मोठ्या बोटीवरच राहायचं, जेवायचं आणि काठावरची गावं, किल्ले बघत पुढे जायचं, अशी ती सहल. पाचव्या दिवशी सर आपल्या खोलीच्या गॅलरीतून खाली पडले. तिथल्या पोलिसांनी नोंद केली की खोलीत दुसरं कुणी नव्हतं, झटापटीची खूण नाही, कठडा स्वतःच ओलांडलेला दिसतो.

अंत्यविधी झाला आणि दोनच दिवसांत सरांचे चुलतभाऊ अर्ज घेऊन ठाण्यात आले.

"उडी मारली त्यानं साहेब. बायकोचा जाच. निघायच्या आदल्या दिवशी भांडण केलं, सोबत गेली न्हाई. तिच्यावर गुन्हा नोंदवा."

आत्महत्येस प्रवृत्त करणं हा गंभीर गुन्हा. अर्जाबरोबर गल्लीतल्या चार शेजाऱ्यांच्या सह्या होत्या. कुणी भांडण ऐकलं होतं, कुणी ऐकल्याचं ऐकलं होतं. बाईंना अटक करा म्हणून दबाव वाढत चालला.

महिला हवालदाराला घेऊन मी सरांच्या घरी गेलो. घर नवं, स्वच्छ. पण आत एकाही दाराला कडी नव्हती. लाकडात स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती. न्हाणीघरालाही तसंच. मी विचारलं.

"त्यांनीच काढली," बाई म्हणाल्या. "भूकंपात दिवसभर ढिगाऱ्याखाली होते. आई, वडील, भाऊ, तिघं गेले. तवापासून बंद दार चालायचं न्हाई."

भूकंपाच्या वेळी मी नवा फौजदार होतो. त्या गावांत बंदोबस्ताला होतो. त्यामुळे पुढचं मी विचारलं नाही.

त्यांनी स्वतः फोन आणून माझ्यापुढे ठेवला. "शेवटचा फोन मला केला होता. मी भाकरी थापून राहिले होते, हात पिठाचे. उचलला न्हाई. निरोप घ्यायला केला असंल का हो साहेब?"

आपल्या अंगावर येणारी गोष्ट लपवणारा माणूस असा फोन पुढे करत नाही. मी अटक पुढे ढकलली. पण ठाण्यात बसून 'ढकलली' म्हणणं सोपं. ढकलायला कारण लागतं आणि ते माझ्याकडे नव्हतं.

आठवड्याभरानं नांदेडहून एक शिंपी आले. पन्नाशीचे, मुसलमान गृहस्थ, गळ्यात अजून टेप. खुर्चीच्या कडेला बसले.

"नाव लिहू नका साहेब. आम्ही चौघं हॉस्टेलला एका खोलीत होतो. मला दुकान सोडणं जमलं न्हाई म्हणून सहलीला गेलो न्हाई. परवा धर्माबादवाला दुकानात आला. पँट शिवायला म्हणून आला आणि नुसता रडून राहिला. मी विचारलं, काय झालं यार? तर म्हणला, टॉवेल. बस, एवढंच."

"म्हणजे?"

"तुम्ही हॉस्टेलला राहिले का साहेब?"

"राहिलो की. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच."

"मग समोरासमोरची दारं आठवा. यापुढं माझ्या तोंडून जाणार न्हाई. दोस्त हायत."

ते चहा न घेता गेले आणि मला आठवलं. हॉस्टेलला बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या. दारं आत उघडणारी. झोपलेल्याची फजिती करायची तर त्याच्या दाराची मूठ समोरच्या दाराच्या मुठीला टॉवेलनं घट्ट बांधायची. आतला कितीही ओढू दे, दार हलत नाही. मीही हे केलं होतं. माझ्यावरही झालं होतं.

दोघांना वेगवेगळं बोलावलं. व्यापाऱ्यांना आधी घेतलं, कारण ज्याला रडू येतं त्याला बोलायचंही असतं. सहलीचं विचारत राहिलो. किल्ला कसा, जेवण कसं. ते हसून सांगत होते.

"तुम्ही आणि सर एका खोलीत. समोर कोण?"

"डॉक्टर."

"दारं आत उघडायची की बाहेर?"

मी खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि टेबलावर ठेवला. एवढंच केलं.

"दहा मिनिटांची गंमत होती साहेब," ते म्हणाले, आणि मग थांबले नाहीत.

सर रोज दार उघडं टाकून झोपायचे. बोटीवरचे लोक तक्रार करायचे, व्यापाऱ्यांना झोप लागेना. डॉक्टर म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली, अजून तेच! दहा मिनिटं कोंडून ठेवू. काही होत न्हाई हे कळलं की भीती जाईल." दुपारी सर खोलीत झोपले होते. दोघांनी दारं बांधली आणि फोटो काढायला वरच्या डेकवर गेले.

नदीची पातळी जिथं बदलते तिथं बोट वर-खाली न्यायला दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद बांधलेले असतात. बोट त्यात शिरते, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. त्याच वेळी बोट अशा हौदात शिरली. भिंतीला घासली, हादरली. ग्लास वाजले. सरांच्या गॅलरीसमोर उघडं आभाळ होतं, तिथं दीड हातावर ओली भिंत आली. मागे दार उघडेना.

"त्यांनी हाक मारली का?"

व्यापाऱ्यांनी आपला फोन काढून दिला. लागोपाठ तीन मिस्ड कॉल. सरांचे.

"मी उचलणार होतो साहेब. डॉक्टर म्हणला, उचलू नको, आता कुठं असर व्हायलाय."

चौथा फोन लातूरला गेला होता. त्यानंतर सरांनी कठड्यावरून वर चढून जायचा प्रयत्न केला असावा. बोट आणि भिंत यांच्या फटीत ते पडले. आरडाओरडा ऐकून हे दोघं खाली धावले. आधी टॉवेल सोडला, मग लोकांना बोलावलं.

डॉक्टर शेवटपर्यंत एकच म्हणत राहिले, "माझा हेतू चांगला होता." मला ते खरं वाटतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, म्हणून बाईंचा आणि व्यापाऱ्यांचा, दोन्ही फोन पंचनाम्याने जप्त केले. गुन्हा परदेशातला, खटल्याला दिल्लीची परवानगी लागते. मी निवृत्त झालो तोवर ती आली नव्हती. बाईंविरुद्धचा अर्ज मात्र मी त्याच आठवड्यात निकाली काढला.

ते सांगायला मी स्वतः गेलो. वाटलं होतं, बाईंच्या छातीवरचा दगड उतरेल. सगळं ऐकून त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं.

"म्हणजे निरोप न्हवता. मदत मागत होते."

"हो."

"मी उचलला असता तर?"

"बाई, तुम्ही इथून काय करणार होतात?"

"बोलत राहिले असते. घाबरले की मी बोलत राहायची. कशाबद्दल बी. तेवढ्यानं थांबायचे ते."

सत्य सापडलं की आपलं काम संपलं, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवसानंतर ते शिकवणं सोडलं. मित्राची भीती आपल्याला ठाऊक असते ती त्यानं विश्वासानं सांगितलेली असते म्हणून. तिच्यावर प्रयोग करायचा आपल्याला हक्क नसतो, एवढं मात्र सांगतो.

निघताना सवयीनं मी दार ओढून घेत होतो. बाईंनी मध्ये हात घातला.

"राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "उघडंच असतंय आमचं."