वास नसलेला गॅस

मंडळी, आज सबस्टेशनात ब्रेकर दुरुस्तीला उघडायचा होता. त्याच्या आत विजेची ठिणगी विझवणारा गॅस असतो. तो परत भरून घ्यायचं यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून नेहमीसारखा हवेत सोडायचा.

पेणच्या सायबर कॅफेत वाचलं होतं, हा गॅस हजारो वर्षं वर राहून पृथ्वी तापवतो. सोबतच्या जनार्दनला तसं सांगितलं.

"वास येतो काय? नाय ना? मग सोड."

इथल्या धाटावच्या केमिकल कारखान्यांतून जरा वास आला की माणसं कारखान्याच्या गेटवर जमतात. आज मी व्हॉल्व्ह उघडला, तर कुणी मानही वर केली नाही. मलाही काही वाटलं नाही.

संध्याकाळी धाटावजवळच्या अष्टमी गावात घरी आलो. बायको म्हणाली, "अहो, आज वास नाय. खिडकी उघडी ठेवू?"

"ठेव," म्हणालो.

तुम्ही काय म्हणाला असता?