समोर बसून शिकलेलं चाक

शांताक्का चाकावर बसल्यात हे कळलं, तेव्हा माझी कात्री ब्लाऊजच्या कापडात भलतीकडेच गेली. कापड नवं, गिऱ्हाईक भांडखोर, तरी मी ते तसंच टाकून समोरच्या कुंभाराच्या दारात पळालो. आमच्या गल्लीत बाईनं माती मळायची, मडक्याला थापी मारायची, रंग द्यायचा. चाकाला हात लावायचा नाही. साठीला आलेल्या, नवऱ्यापुढं चकार शब्द न काढणाऱ्या शांताक्कांनी ही रीत मोडावी? मी डोळे चोळून पुन्हा बघितलं.

त्यांचे यजमान शिवाप्पा दिवाळीत आजारी पडले. उजव्या अंगावरून वारं गेलं. हात कामातून गेल्यावर त्यांनी चाक मुरगूडच्या पाव्हण्यांना देऊन टाकायचं ठरवलं. रविवारी टेम्पो येणार होता.

"चाक गेल्यावर आपुन कुंभार कशाचं?" एवढंच म्हणून शांताक्का त्याआधीच, सोमवारी, चाकावर बसल्या होत्या. शिवाप्पा चिडले, दोन घास कमी जेवले, मग म्हणाले, "शनवारपातूर संक्रांतीचं एक सुगड काढून दाव. न्हाय जमलं तर चाक जाणार."

आणि त्यांना जमेना. याचा मला पहिल्यापेक्षा मोठा धक्का बसला. पस्तीस वर्षं जिनं माती मळली, तिचा गोळा चाकावर डुगडुगावा? बोटभर काठ वर आला की वाकडा होऊन बसायचा. शिवाप्पा बाजेवरून ओरडत होते, "उलटा हात. किती येळा सांगू, उलटा हात लावतीस." त्या बिचाऱ्या हात बदलायच्या. जरा तंद्री लागली की हात परत उलटे. मी माझ्या मशीनवर बसून ते ऐकायचो आणि मला शिवाप्पांचा राग यायचा. खरं सांगायचं तर शांताक्कांचाही यायला लागला होता.

शनिवारी दुपारी मी चहा घेऊन गेलो. त्या पुन्हा उलटे हात लावून बसल्या होत्या. मी बघत राहिलो आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. माप घेताना मी गिऱ्हाइकासमोर उभा असतो. त्याचा उजवा खांदा माझ्या डाव्या हाताला येतो. शिकाऊ असताना याच घोळापायी मी उस्तादांचा मार खाल्लाय.

"अक्का, माती द्यायला तुम्ही बसायच्या कुठं?" मी विचारलं.

"ह्यांच्या म्होरं. आनि कुठं?"

म्हणजे शिवाप्पांचे हात त्यांनी कायम आरशातल्यासारखे उलटे बघितले होते. मी कुणाला न विचारता चाकाचं बटण दुसऱ्या बाजूला दाबलं. विजेचं चाक घेऊन दहा वर्षं झाली होती, पण ती बाजू कधी कुणी वापरलीच नव्हती. चाक उलटं फिरायला लागलं. शांताक्कांनी नवा गोळा ठेवला, त्यांना सुचेल तसे हात लावले. गोळा डुगडुगला नाही. पोट आलं, गळा आला, काठ बाहेर वळला. दोऱ्यानं कापून त्यांनी सुगड फळीवर ठेवलं. माझा चहा हातातच निवला.

शिवाप्पांचा आ वासलेलाच राहिला. ते म्हणाले, "म्हंजे तुला सगळं येत हुतं की. मग इतकी वरसं बोलली का न्हाईस?"

"तुमी कुठं इचारलंसा?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "एकदा शेजारी बसवलं असतंसा, तर हात सुलटं पडलं असतं."

शिवाप्पांनी मान खाली घातली. डोळे पुसले, तेही लपवून नाही. मग काठी टेकत उठले आणि चाकासमोर, शांताक्कांच्या जुन्या पाटावर जाऊन बसले. टेम्पो पाठवू नका म्हणून मुरगूडला फोन करायला त्यांनी मला सांगितलं. डाव्या हातानं मातीचा एक गोळा उचलला आणि बायकोपुढं धरला.