पुढे झुकून चालणारी प्रांजल

प्रांजल आमच्या भोरच्या कॉलेजात आली तेव्हा फुटबॉलचे बूट तिने कधी पायात घातले नव्हते. किक मारायची ती अशी, की चेंडू गोलावरून थेट पलीकडच्या बाभळीत. दोन चेंडू काट्यांनी फुटले. मी खेळशिक्षिका, तोंडाची फटकळ. "अगं, गोल खाली आहे, आभाळात नाही," असं पहिल्याच दिवशी सुनावलं. ती हसली आणि पुढचा चेंडूही वरच धाडला. पण पायात जोर असा, की एकदा चुकून खाली आलेल्या चेंडूने गोलात उभ्या शेफालीची बोटं सुजली.

दोष सापडायला मला पंधरा दिवस लागले. वेल्ह्याच्या वर डोंगरात तिची धनगरवस्ती. एसटीतून उतरल्यावर तासाभराचा चढ. कळायला लागल्यापासून ती तोच डोंगर चढत-उतरत आलेली. उतारावर माणूस मागे रेलतो, नाहीतर तोंडावर पडतो. ते तिच्या अंगात इतकं मुरलेलं, की किक मारतानाही ती मागे रेलायची. मग चेंडू वर जाणारच. आपण काय शोधून काढलं, या आनंदात मी स्टाफरूममध्ये चार जणांना ते सांगत सुटले.

दिवाळीनंतर विद्यापीठाच्या संघाची निवड होती. त्या संघात जायचं, एवढं एकच प्रांजलला हवं होतं. प्रत्येक वहीच्या कव्हरवर तिने अकरा नंबर लिहून ठेवला होता. मी तिला रोज पहाटे मैदानावर घ्यायचे. टेकायचा पाय चेंडूच्या शेजारी, घोटा घट्ट, छाती चेंडूवर. महिन्याभरात दहापैकी सहा किक गोलात जायला लागल्या. मला सहा पुरेनात. सुट्टीला घरी निघाली तेव्हा मी बजावलं, "नुसतं मैदानावर करून भागणार नाही. चालतानासुद्धा पुढे झुकायचं. सवय मोडली पाहिजे."

"व्हय, मॅडम."

ती कुठं चालते, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. माझं सगळं चालणं भोरच्या डांबरी रस्त्यावरचं.

चौथ्या दिवशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती डोंगर उतरत होती. वाळलेल्या गवतावरून पाय घसरला आणि ती भाऱ्यासकट तोंडावर गेली. गुडघा गेला. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि सांगितलं, चालेल, पण खेळायचं विसरा.

मी वस्तीवर गेले. तिच्या वडिलांनी, रायबांनी, घोंगडी अंथरली, शेळीच्या दुधाचा चहा दिला. "बारकी व्हती तवापास्नं ह्या वाटंनं उतरती. कदी पडली न्हाई. आत्ताच कसं झालं, कळंना," ते म्हणाले. पुढे झुकायला मी सांगितलं होतं, हे वाक्य मी वाटभर घोकत आले होते. त्यांच्यासमोर ते तोंडातून निघालं नाही. निदान प्रांजलला तरी सांगायचं, असं मनाशी ठरवलं.

रायबा शेळ्या बघायला बाहेर गेले, तेव्हा तीच आधी बोलली.

"मॅडम, रागवू नगा. तुमी सांगितल्यावानी वाकूनच उतरत हुते. निम्म्यात लई भ्या वाटलं, आन म्या मागं रेलले. तितंच घात झाला. तुमचं शेवटपत्तुर ऐकलं असतं, तर पडलेच नसते."

खरं तर मागे रेलायला तिला उशीर झाला होता, आणि तो उशीर माझ्यामुळे झाला होता. हे तिला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"असू दे," मी म्हणाले. "होतं असं."

मी तिला माफ केलं असं समजून ती पोरगी माझा हात धरून रडली.